बादशहा गाजी

इस्लामच्या आधीपासून अरबस्तानातल्या बेदुइन टोळ्या एकमेकींच्या उंटांवर धाडी घालत. अशी धाड म्हणजे ‘गझ्व’ आणि ती घालणारा तो गाजी. उंट पळवायचे, पण शक्यतो रक्त सांडायचं नाही. एक मुडदा पडला की पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर मागे लागायचं. पुढे पैगंबरांच्या मोहिमांनाही याच धातूतला शब्द लागला आणि गाजी धर्मासाठी लढणारा ठरला.

राजांना ही पदवी फार आवडली. बुर्साच्या १३३७च्या शिलालेखात ऑटोमन सुलतान ओरहान स्वतःला ‘गाजीचा पुत्र गाजी’ म्हणवतो. त्याचा बाप उस्मान, आणि परंपरा सांगते की उस्मानचा जिवलग साथीदार कोसे मिखाल हा मुळात ख्रिस्ती सरदार होता!

हिंदुस्थानात बाबराची गोष्ट तर मासलेवाईक. पानिपतावर त्याने इब्राहिम लोदीला बुडवलं, पण लोदी मुसलमानच. त्या विजयाने गाजी होता येईना. १५२७ साली खानव्याला राणा सांगा समोर उभा ठाकला तेव्हा बाबराचं सैन्य घाबरलं होतं. एक ज्योतिषी अपशकुन सांगत छावणीभर फिरत होता. बाबराने दारू सोडण्याची शपथ घेतली, सोन्याचांदीचे पेले फोडून तुकडे गोरगरिबांना वाटले आणि गझनीहून उंटांवर लादून आलेल्या दारूत मीठ टाकायला लावून तिचा सिरका करवला. दारूवर इतकं प्रेम करणाऱ्याला हे किती जड गेलं असेल! लढाई जिंकल्यावर त्याने आपल्या पदव्यांत ‘गाजी’ लिहवून घेतलं. राणाच्या बाजूने लढताना पडलेला हसन खान मेवाती मात्र मुसलमान होता.

नंतर ‘बादशहा गाजी’ हे शब्द मोगली नाण्यांवर चढले ते कायमचे. रणांगण न पाहिलेलेही गाजी झाले. अठराव्या शतकात तर मराठ्यांच्या टांकसाळींतून शाह आलम बादशहा गाजीच्या नावाने रुपये पडत. सराफाला ओळखीचा शिक्का हवा, त्यावरची पदवी कोणाची याच्याशी त्याला काय देणंघेणं?

तुर्कस्तानात १९२१ साली साकार्याच्या लढाईनंतर राष्ट्रसभेने मुस्तफा कमालला गाजी केलं, पुढे खिलाफत मोडीत काढणाऱ्या माणसाला! त्याच वर्षी, फ्रेंचांच्या वेढ्यात महिनोन्‌महिने झुंजलेल्या अँतेप शहरालाही ही पदवी मिळाली, आणि त्याचं नाव गाझिअँतेप झालं.