मागचा ॲक्सल का टिकला? स्पोर्ट क्वाडच्या सस्पेन्शनकडून शिकण्यासारखं

तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन प्रस्ताव लिहायला बसलात की पहिला आराखडा बहुधा एकाच साच्यातला निघतो. आधी यंत्र साधं होतं, मग सुधारलं, मग आणखी सुधारलं. मार्गदर्शक विचारतात, "ठीक आहे, पण यात प्रश्न कुठाय?" आज असं उदाहरण बघू जिथे हा साचा चालतच नाही: स्पोर्ट क्वाडचं मागचं सस्पेन्शन. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी चार जाड चाकांची एटीव्ही तुम्ही पाहिली असेल. स्पोर्ट क्वाड ही तिची रेसमधली बहीण.

सुरुवात 1970 मध्ये, होंडाच्या तीनचाकी यूएस90 पासून. पुढे ती एटीसी90 म्हणून ओळखली गेली. तिला सस्पेन्शन नव्हतंच. कमी हवेचे फुगीर टायर दणके खायचे, उरलेले चालवणाऱ्याची कंबर. 1981 च्या एटीसी250आर मध्ये पुढे-मागे सस्पेन्शन आलं. 1985 मध्ये सुझुकीची चारचाकी एलटी250आर आणि 1986 मध्ये होंडाची टीआरएक्स250आर आली, आणि स्पोर्ट क्वाड हा प्रकार रुळला. तीनचाकींच्या अपघातांवरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला, की 1988 मध्ये कंपन्यांनी सरकारशी तडजोड करून नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. शर्यतीचं मैदान चारचाकींना मोकळं झालं.

मागची रचना मोटोक्रॉसकडून आली. बेल्जियमचे अभियंते ल्युसियँ टिल्केन्स यांची एकाच शॉकची कल्पना यामाहाने विकत घेतली आणि 1973 मध्ये हाकान आंदरसन त्या गाडीवर 250 सीसीचा जगज्जेता झाला. क्वाडने तेच उचललं: एक स्विंगआर्म, एक शॉक (आपल्या गॅरेजमधला 'शॉकअप'). फरक एवढाच की स्विंगआर्मच्या टोकाला एका चाकाऐवजी अख्खा आडवा ॲक्सल आणि त्यावर दोन चाकं.

आता इथे थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे. हा ॲक्सल म्हणजे एक सलग दांडा. डिफरन्शियल नाही, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि वळताना एकाला घसरावंच लागतं. एक चाक दगडावर चढलं की पूर्ण मागची बाजू तिरकी होते. दांडा, स्प्रॉकेट, ब्रेकची डिस्क, सगळं वजन चाकांसोबत वरखाली नाचतं. कागदावर ही रचना जुनाट ठरते. पोलारिसने 2006 मध्ये आउटलॉ 500 या स्पोर्ट क्वाडला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन दिलंही: दोन्ही चाकं आपापली हलणारी. साच्याप्रमाणे यानंतर सलग ॲक्सल इतिहासजमा व्हायला हवा होता. झालं उलटंच. 2008 मध्ये त्याच कंपनीने आउटलॉ 525 सलग ॲक्सलसहही विकायला काढली, आणि यामाहाची 2009 ची वायएफझेड450आर सलग ॲक्सलच घेऊन आली.

का? खडकाळ वाटेवर स्वतंत्र सस्पेन्शन सुखाचं असतं, पण ट्रॅकवर जादा वजन आणि वळणात गाडी कलणं महागात पडतं. सलग ॲक्सलवाल्या गाडीची मागची दोन्ही चाकं एकदम सुटतात, त्यामुळे चालवणारा थ्रॉटलनेच गाडी वळवू शकतो. 'दोष' म्हणून लिहिलेली गोष्ट चालवणाऱ्यांसाठी कौशल्याचा आधार होती. तंत्र मागे पडलंय की नाही, हे कोणत्या कामासाठी विचारतो त्यावर ठरतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ॲक्सल तसाच राहिला, पण त्याला सांभाळणारा शॉक आणि तो जुळवण्याचं ज्ञान वाढत गेलं. हे ज्ञान जाहिरातीत दिसत नाही, म्हणून इतिहासातही कमी येतं. उदाहरणार्थ, 'सॅग' घ्या. चालवणारा बसल्यावर मागची बाजू किती खाली बसते, ते हे माप. साधारण संकेत असा की चाकाच्या एकूण हालचालीचा तिसरा हिस्सा सॅगमध्ये जावा. हालचाल 11 इंच असेल तर साडेतीन-पावणेचार इंच. नवखा माणूस स्प्रिंगची चकती पिळून प्रीलोड वाढवतो आणि समजतो स्प्रिंग कडक झाली. तशी ती होत नाही, फक्त गाडी उंच होते. माणूस बसल्यावर सॅग बरोबर, पण रिकामी गाडी जवळजवळ खाली बसतच नाही, असं दिसलं तर स्प्रिंगच त्या वजनासाठी मऊ आहे. ती बदलावी लागते. तसंच रिबाउंडचं. फार मंद ठेवलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक पुरता परत येत नाही आणि मागची बाजू दबत दबत जाते. फार जलद ठेवलं तर उडीच्या कडेला मागची बाजू वर फेकली जाते, आणि चालवणारा हँडलवरून पुढे. हाडं मोडतात ती इथे.

कंपनीची स्प्रिंग कुठल्यातरी सरासरी वजनाच्या माणसाला धरून दिलेली असते. वेगळ्या वजनाचा माणूस आला की जुळवाजुळव सुरू. अमेरिकेतली वर्क्स परफॉर्मन्स, कॅनडातली एल्का असे बाहेरचे शॉक बनवणारे या गरजेवर उभे राहिले. एकावर एक स्प्रिंगा रचून सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक असे शॉक त्यांनी लोकांपर्यंत पोचवले.

म्हणून अशा विषयावर काम करायचं असेल तर फक्त पेटंट आणि माहितीपत्रकं गोळा करू नका. ती 'नवीन काय' एवढंच सांगतात. सर्व्हिस मॅन्युअल उघडा आणि सस्पेन्शनच्या पानावर बघा: कारखान्याने प्रीलोडचं कुठलं माप ठरवून दिलंय, किती फरकाची मुभा आहे, चालवणाऱ्याचं वजन विचारलंय का? मग त्याच गाडीची वापरलेली प्रत मिळवा. समासात पेन्सिलने लिहिलेले आकडे असतील तर आधी ते उतरवून घ्या.