रन (इंग्रजी क्रियापद)

रन हे इंग्रजी भाषेतील एक अनियमित क्रियापद असून ‘धावणे’ हा त्याचा सर्वपरिचित अर्थ आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र धावण्याशी संबंध नसलेल्या अर्थांनीच ते अधिक वेळा येते. यंत्र चालणे, पाणी वाहणे, दुकान चालवणे, निवडणूक लढवणे, रस्ता एखाद्या दिशेने जाणे, बातमी छापणे, ताप असणे, साठा संपत येणे असे अनेक व्यवहार इंग्रजीत या एकाच शब्दाने व्यक्त होतात. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या कोशाच्या सुधारित नोंदीत क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ दिले आहेत. या शब्दासाठी मराठीत कोणतेही एक प्रतिक्रियापद नाही. संदर्भानुसार धावणे, पळणे, चालणे, चालवणे, वाहणे, जाणे, लागणे, संपणे यांपैकी एकाची निवड करावी लागते.

== व्युत्पत्ती ==

आजचे ‘रन’ हे रूप दोन जुन्या क्रियापदांच्या एकत्रीकरणातून आले आहे. प्राचीन इंग्रजीत ‘रिन्नन’ (वर्णविपर्यय होऊन ‘इर्नन’) हे अकर्मक क्रियापद होते; त्याचा अर्थ धावणे आणि वाहणे असा दुहेरी होता. त्याच्या जोडीला ‘धावायला लावणे, घोडा दौडवणे’ या अर्थाचे ‘ॲर्नन’ हे प्रयोजक क्रियापद होते. उत्तर इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतील ‘रिन्ना’ व ‘रेन्ना’ या सजातीय शब्दांचाही या रूपावर प्रभाव पडला. जर्मन भाषेत ही जोडी अजून वेगळी आहे: ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे किंवा वाहणे.

हा इतिहास दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. एक म्हणजे नदी, नळ, नाक, अश्रू यांच्यासाठी ‘रन’ वापरणे हा नंतर सुचलेला अलंकार नव्हे; वाहण्याचा अर्थ या शब्दात आरंभापासून आहे. दुसरे म्हणजे अकर्मक आणि प्रयोजक रूपे एकत्र आल्यामुळे इंग्रजीत ‘द शॉप रन्स वेल’ आणि ‘शी रन्स द शॉप’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहते. मराठीत हा भेद प्रत्ययाने दाखवला जातो: दुकान चांगले *चालते*, ती दुकान *चालवते*. मराठी भाषक विद्यार्थ्यांना सकर्मक ‘रन’ अनेकदा अडतो तो यामुळेच. रूपात कोणताही बदल दिसत नसल्याने अर्थ कर्मावरून ओळखावा लागतो.

== रूपे ==

वर्तमानकाळी ‘रन’, भूतकाळी ‘रॅन’ आणि भूतकाळवाचक धातुसाधित पुन्हा ‘रन’ अशी या क्रियापदाची तीन मुख्य रूपे आहेत. वर्तमानकाळातील आजचा स्वर मुळात धातुसाधित रूपातून आलेला असून सोळाव्या शतकाच्या सुमारास तो स्थिरावला. ‘ही हॅज रॅन’ ही रचना काही बोलींत आढळते, परंतु प्रमाण इंग्रजीत ती अशुद्ध मानली जाते. ‘ही हॅज रन’ हेच रूप ग्राह्य आहे.

== अर्थविस्तार ==

पायांनी वेगाने जाणे हा अर्थ केंद्रस्थानी ठेवला तर इतर बहुतेक अर्थ त्यातील एखाद्या घटकाच्या आधारे वाढलेले दिसतात. वेग, सातत्य, दिशा आणि नियंत्रण सुटणे हे त्यातील प्रमुख घटक होत.

यंत्रांच्या बाबतीत सातत्याचा घटक प्रभावी आहे. इंजिन, घड्याळ, पंखा, गिरणी ही सर्व इंग्रजीत ‘धावतात’. मराठीत ती ‘चालतात’. एकाच वस्तुस्थितीसाठी एका भाषेने धावण्याची आणि दुसरीने चालण्याची कल्पना निवडावी, हे लक्षणीय आहे. वाहनांच्या वेळापत्रकाबाबत मात्र मराठी वृत्तपत्रेही धावण्याकडे वळतात: ‘गणेशोत्सवासाठी विशेष गाड्या धावणार’. संगणकाच्या क्षेत्रात ‘प्रोग्राम रन करणे’ हा प्रयोग यंत्रविषयक अर्थाचाच पुढचा टप्पा आहे. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात तयार झालेल्या बेसिक या संगणकभाषेत ‘रन’ ही स्वतंत्र आज्ञाच होती.

दिशेच्या घटकातून स्थिर वस्तूंना गती देणारे प्रयोग निर्माण झाले. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’ या वाक्यात रस्ता जागचा हलत नाही. पाहणाऱ्याची नजर त्यावरून सरकते. भाषावैज्ञानिक लेनर्ड टॅल्मी यांनी अशा प्रयोगांना आभासी गती म्हटले आहे. मराठीतही रस्ता ‘जातो’, डोंगररांग ‘पसरत जाते’, भिंतीला तडा ‘जातो’. येथे दोन्ही भाषांची दृष्टी सारखी आहे; फरक क्रियापदाच्या वेगाचा. खर्चाविषयी ‘रन्स इनटू क्रोर्स’ असे भारतीय इंग्रजीत म्हटले जाते तेव्हा मराठीत तो ‘कोटींच्या घरात जातो’.

काळाच्या संदर्भात ‘रन’ म्हणजे चालू असणे किंवा अमलात असणे. नाटक रंगभूमीवर ‘रन’ होते. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेले अगाथा ख्रिस्ती यांचे ‘द माउसट्रॅप’ हे सर्वाधिक काळ ‘रन’ झालेले नाटक मानले जाते. करार आणि भाडेपट्टाही ‘रन’ होतात. कायद्यात या प्रयोगाला व्यावहारिक महत्त्व आहे. भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीतील तिसऱ्या स्तंभात, मुदत केव्हापासून ‘रन’ होऊ लागते, ते दिले आहे. म्हणजे दावा दाखल करण्याच्या कालावधीची मोजणी कोणत्या दिवसापासून सुरू होते, ते. त्याच कायद्याच्या नवव्या कलमानुसार एकदा सुरू झालेला हा कालप्रवाह नंतर उद्भवलेल्या अक्षमतेमुळे, सर्वसाधारणपणे, थांबत नाही. येथे ‘रन’चा अर्थ ‘संपणे’ असा घेतला तर मुदतीचा आरंभ आणि शेवट यांची अदलाबदल होईल.

नियंत्रण सुटण्याच्या अर्थाने कपड्याचा रंग ‘रन’ होतो, म्हणजे धुताना सुटून इतर कपड्यांना लागतो. जहाज ‘रन अग्राउंड’ होते, म्हणजे उथळ पाण्यात तळाला रुतते. मुले ‘रन वाइल्ड’ होतात.

काही वाक्यांत ‘रन’ हे केवळ ‘होणे’ या अर्थाचे सहायक बनून राहते व पुढील विशेषण खरा अर्थ सांगते. विहीर ‘रन्स ड्राय’ म्हणजे आटते. साठा ‘रन्स लो’ म्हणजे कमी होत जातो. गाडी ‘इज रनिंग लेट’ म्हणजे उशिरा येत आहे. शेवटचे वाक्य शब्दशः घेतल्यास ‘धावणारी’ गाडी उशिरा कशी, असा विनोदी प्रश्न पडू शकतो.

== कोशातील स्थान ==

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती. तिच्यात ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्द होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी सुरू झाल्यावर २००० मध्ये ‘मेक’ने आणि २००७ मध्ये ‘पुट’ने हे स्थान घेतले. २०११ मध्ये ‘रन’ या दोहोंच्या पुढे गेला. या नोंदीचे काम कोशकार पीटर गिलिव्हर यांनी केले व त्यासाठी त्यांना नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला.

या वाढीचे कारण लेखक सायमन विंचेस्टर यांनी यंत्रयुगात शोधले आहे. कारखाने, आगगाड्या, मोटारी, विद्युत उपकरणे आणि संगणक यांच्यासोबत ‘रन’चे नवे अर्थ येत गेले, तुलनेने ‘सेट’ हा स्थैर्याचा शब्द मागे राहिला. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे. तथापि अर्थांची संख्या काही अंशी कोशकाराच्या पद्धतीवरही अवलंबून असते. एक संपादक ज्याला एक अर्थ मानतो त्याचे दुसरा संपादक तीन उपअर्थ करू शकतो. त्यामुळे ६४५ हा आकडा शब्दाच्या व्याप्तीचा निदर्शक समजावा; विद्यार्थ्याने पाठ करावयाची ती यादी नव्हे.

== अव्ययांसह होणारे प्रयोग ==

‘रन’ला जोडून येणारे लहान अव्यय अर्थ पूर्णपणे बदलते, आणि एकाच जोडीचे परस्परांपासून दूर असलेले अनेक अर्थ असू शकतात. ‘रन ओव्हर’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. वाहनाने एखाद्याला चिरडणे, भाषण ठरलेल्या वेळेपेक्षा लांबणे, भांडे भरून वाहणे आणि मजकुरावरून झटपट नजर फिरवणे हे चारही अर्थ त्यात आहेत. अपघाताची बातमी अनुवादित करताना ‘वरून धावून गेला’ असे लिहिणे हास्यास्पदच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते. ‘गाडीखाली सापडून’ किंवा ‘गाडीने चिरडल्याने’ ही मराठीतील रूढ रचना आहे.

‘रन डाउन’मध्ये धडक देऊन पाडणे, एखाद्याची निंदा करणे आणि बॅटरी उतरणे हे अर्थ आहेत, विशेषण म्हणून तेच शब्द थकलेल्या माणसाला किंवा पडझड झालेल्या इमारतीला लागू होतात. ‘रन अप’ म्हणजे उधारी वाढवून ठेवणे, ध्वज चढवणे किंवा कपडा घाईने शिवून काढणे. ‘रन थ्रू’ने उजळणी करणे, पैसा उडवून टाकणे आणि तलवार आरपार खुपसणे असे तीन अर्थ व्यक्त होतात. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक भेटणे, तसेच आदळणे. ‘आय रॅन इनटू माय टीचर’ या वाक्यात बहुधा भेट अभिप्रेत असते, पण ‘द बस रॅन इनटू अ वॉल’ यात अपघातच. ‘रन आउट’चा सामान्य अर्थ संपणे हा असून क्रिकेटमध्ये तो फलंदाज बाद होण्याचा एक प्रकार आहे.

== वाक्प्रचार ==

‘रन द गाँटलेट’ या वाक्प्रचाराचा अर्थ चहूबाजूंनी होणारा हल्ला किंवा टीका सोसत पुढे जाणे असा आहे. त्यातील ‘गाँटलेट’चा लोखंडी हातमोज्याशी मूळचा संबंध नाही. सैनिकांच्या दोन रांगांमधून अपराध्याला पळवायचे आणि दोन्ही बाजूंनी त्याला फटके मारायचे, अशा शिक्षेला स्वीडिश भाषेत ‘गल्लीतील धाव’ या अर्थाचा शब्द होता. सतराव्या शतकात, युरोपातील तीस वर्षांच्या युद्धाच्या (१६१८–१६४८) सुमारास तो इंग्रजीत आला आणि उच्चारसाम्यामुळे हातमोज्याच्या परिचित शब्दात मिसळून गेला.

‘रन अमोक’ म्हणजे बेभान होऊन हिंसा करत सुटणे. यातील दुसरा शब्द मलय भाषेतील ‘अमुक’ हा आहे. मराठीतील अमुक-तमुकशी त्याचे नाते नाही. ‘कट अँड रन’, म्हणजे अंगावर येताच काढता पाय घेणे, हा खलाशांचा प्रयोग आहे: नांगर वर ओढण्यास वेळ नसेल तर त्याचा दोर कापून जहाज वाऱ्यासोबत सोडले जाई. ‘रन आउट ऑफ स्टीम’ वाफेच्या इंजिनातून आला. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून प्रतवारी न करता बाहेर पडलेला माल, आणि त्यावरून अगदी सामान्य.

म्हणींच्या बाबतीत मराठी पर्याय सहज मिळतात, मात्र शब्दांचे साम्य शोधू नये. ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ ही म्हण शांत माणसाच्या खोलीविषयी बोलते; ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तीच गोष्ट उलट बाजूने सांगते. सशासोबत धावणे आणि शिकारी कुत्र्यांसोबत शिकारही करणे या इंग्रजी प्रयोगाच्या जागी मराठीत दोन्ही दगडांवर पाय ठेवणे येते. ‘रन फॉर युवर लाइफ’ म्हणजे जीव मुठीत धरून पळणे. एखादा गुण ‘रन्स इन द फॅमिली’ असे म्हटले असता तो ‘रक्तातच आहे’ किंवा घराण्यात चालत आला आहे.

== ब्रिटिश आणि अमेरिकी वापर ==

सर्वांत परिचित भेद निवडणुकीचा. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ होतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ म्हणजे उभा राहतो. मराठीतील निवडणुकीला उभे राहणे हा प्रयोग ब्रिटिश वापराशी जुळतो; ‘निवडणूक लढवणे’ ही कल्पना दोघांहून निराळी आहे. अमेरिकी राजकारणातील ‘रनिंग मेट’, म्हणजे उपाध्यक्षपदाचा जोडीदार उमेदवार, ही संज्ञा घोड्यांच्या शर्यतीतून आली. मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून त्याच तबेल्यातील दुसरा घोडा सोबत धाववला जाई. लाल सिग्नल ओलांडण्याला अमेरिकेत ‘रन अ रेड लाइट’ म्हणतात. मराठीत सिग्नल ‘तोडला’ जातो.

== मराठीतील रूपे ==

‘रन’वरून बनलेल्या इंग्रजी शब्दांना मराठीने अनेक ठिकाणी ‘धाव’ हा घटक वापरून प्रतिशब्द दिले: विमानतळावरील धावपट्टी, आकाशवाणीवरील धावते समालोचन, पाणलोट क्षेत्राच्या अभ्यासातील अपधाव. क्रिकेटमध्ये ही परिभाषा विशेष बहरली. धाव, धावसंख्या, धावगती, धावफलक, धावचीत हे शब्द वृत्तपत्रांतून आणि समालोचनातून रुळले. मराठी क्रिकेट समालोचनाच्या संदर्भात बाळ ज. पंडित यांचे नाव आवर्जून घेतले जाते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धावांची नोंद लाकडी काठीवर खाचा पाडून होत असे व त्यांना ‘खाचा’च म्हटले जाई, ‘रन’ हे नाव पुढे रूढ झाले. चौकार किंवा षटकार गेल्यावर फलंदाजाला धावावे लागत नाही, तरीही मिळतात त्या धावाच.

काही क्षेत्रांत मात्र मूळ शब्दच टिकला आहे. रेल्वेत चालक आणि गार्ड यांचा वर्ग ‘रनिंग स्टाफ’ व त्यांची विश्रांतीची जागा ‘रनिंग रूम’ म्हणून ओळखली जाते. सुतार आणि गवंडी सलग लांबीच्या मापाला ‘रनिंग फूट’ म्हणतात, तर कंत्राटदार काम चालू असताना टप्प्याटप्प्याने सादर केलेल्या देयकाला ‘रनिंग बिल’. या दोन्ही शब्दांत धावण्याचा मागमूस नाही. सलग चालू राहण्याचा अर्थ तेवढा उरला आहे.