न शिवता

बटणावर नुसता माऊस नेला की ते रंग बदलतं. क्लिक नाही, काही नाही. हे होव्हर प्रकरण वेबपेक्षा जुनं आहे. १९८७ साली मॅकिन्टॉशवर बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड आलं, तेव्हापासून बटणाच्या पोटात ‘माऊसएन्टर’ आणि ‘माऊसलीव्ह’ अशा दोन सूचना लिहून ठेवता येत. ज्याची सूचना त्याच्यापाशी, त्यामुळे शेजारच्या बटणाला उगाच जाग येत नसे.

वेबवर ही सोय आली ती जावास्क्रिप्टच्या हाताला धरून. सुरुवातीला लिंकवर माऊस नेला की ब्राउझरच्या तळाच्या पट्टीत मजकूर बदलायचा, एवढीच करामत. १९९६ च्या नेटस्केप ३ मध्ये पानावरचं चित्र बदलता यायला लागलं आणि सगळे पेटले. प्रत्येक बटणाची दोन चित्रं: एक विझलेलं, एक उजळलेलं. दहा बटणं म्हणजे वीस चित्रं, प्रत्येकाला वेगळं नाव. मोडेमवर दुसरं चित्र उतरेपर्यंत माऊस पुढे निघून गेलेला असायचा. म्हणून ती चित्रं आधीच मागवून ठेवणारा कोडही लोक लिहीत.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीत, डिसेंबर १९९६ मध्ये, होव्हर नव्हतंच. ते मे १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं, आणि तेही केवळ लिंकपुरतं नव्हे. कागदावर. २००१ चं इंटरनेट एक्सप्लोरर ६ मात्र लिंक सोडून कुणालाच होव्हर मानायला तयार नव्हतं आणि त्या काळी बहुतेकांच्या संगणकावर तेच होतं.

अडायचं ते मेनूपाशी. उपमेनू असतो यादीतल्या एका कलमाच्या, म्हणजे ‘एलआय’च्या पोटात, तेव्हा माऊस ओळखायला हवा त्या एलआयनं. २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी ‘सकरफिश’ मेनूची युक्ती मांडली: शहाण्या ब्राउझरला साधं सीएसएस, आणि एक्सप्लोररसाठी जावास्क्रिप्टच्या थोड्याशा ओळी, ज्या माऊस आला की एलआयला एक क्लास चिकटवतात आणि गेला की काढतात. ऑक्टोबर २००६ मध्ये एक्सप्लोरर ७ आलं, त्याला कुठल्याही घटकाचं होव्हर कळायला लागलं आणि ही ठिगळं हळूहळू गळून पडली.

या मेनूची खरी मेख वेगळीच. माऊस लेकरावर असला तरी आईबापही होव्हरमध्येच धरले जातात, थेट ‘एचटीएमएल’ या मूळ पुरुषापर्यंत. म्हणूनच उपमेनूवर सरकलं तरी तो मिटत नाही. दोघांमध्ये दोन पिक्सेलची मोकळी फट राहिली, की मात्र मिटतो. ही फट शोधण्यात माझ्या काही संध्याकाळी गेल्या आहेत.

पुढे फोन आले. बोटाला घिरट्या घालता येत नाहीत, त्यामुळे बोट उचललं तरी बटण उजळलेलंच राहायचं. आता होव्हर जमणारं उपकरण आहे का, हे सीएसएसमध्येच विचारून घेता येतं.

मध्यंतरी एका पानावर आख्खं कार्ड पिवळं करायचं होतं. माऊस नेला तर कार्ड पांढरंच. आतला मथळा पिवळा, मग फोटोखालची ओळ पिवळी. अर्धा तास ब्राउझरला शिव्या दिल्या. क्लासचं नाव आणि होव्हरचा कोलन यांच्यामध्ये मी एक स्पेस सोडली होती. तिचा अर्थ ‘कार्डाच्या आत जे जे असेल त्यावर’ असा होतो. ती खोडली आणि चहा प्यायला गेलो.