न मोजलेल्या वायूची नोंद: एका सरासरीचा इतिहास

बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवला जातो. घटना घडली त्या दिवशीचा कागद वेगळा आणि दोन पिढ्यांनंतर ऐकीव आठवणींवरून रचलेली हकीकत वेगळी. आजच्या धाग्यात हीच कसोटी एका अनपेक्षित साधनाला लावायची आहे. तेल आणि नैसर्गिक वायूच्या कंपन्या दरवर्षी आपल्या हरितगृह वायूंचे आकडे प्रसिद्ध करतात. अमुक लाख टन उत्सर्जन, असे अहवालात ठाशीव अक्षरांत छापलेले असते. ते कोणी, कोठे, कशाने मोजले? बहुतेक वेळा उत्तर असे, की मोजलेच नाही, हिशेबाने काढले.

कार्बन डायऑक्साइडपुरता हा हिशेब बराचसा भरवशाचा असतो. किती इंधन जाळले हे मीटर सांगतो, त्यात कार्बन किती हे रसायनशास्त्र सांगते. खरा पेच मिथेनचा. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेनच. तो झडपांतून, नळांच्या जोडांतून, कंप्रेसरमधून, टाक्यांच्या झाकणांतून निसटतो. डोळ्यांना दिसत नाही आणि मूळचा त्याला वासही नसतो. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांचा धरला तर सुमारे ८० टनांइतकी.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत एक प्रश्न ऐरणीवर आला. वीजनिर्मितीत कोळशाच्या जागी वायू वापरला तर हवामानाचा लाभ होतो, असे म्हटले जाई. पण वाटेत मिथेन गळत असेल तर तो लाभ उरतो का? वायू-उद्योगाच्या पैशावर चालणारी गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट आणि सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, यांनी मिळून अभ्यास हाती घेतला. १९९६ मध्ये त्याचे १५ खंड प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की १९९२ या वर्षी अमेरिकी वायू-उद्योगातून ३१४ अब्ज घनफूट मिथेन हवेत गेला, अधिक-उणे १०५ अब्ज. एकूण उत्पादनाच्या १.४ टक्के.

हा आकडा काढण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढची सगळी कहाणी तिच्यातूनच निघते. देशभरातली लाखो उपकरणे तपासणे अशक्य होते. म्हणून काही ठिकाणी मोजमाप करायचे, प्रत्येक प्रकारच्या उपकरणाची सरासरी गळती ठरवायची आणि देशात तशी उपकरणे किती असतील त्या संख्येने तिला गुणायचे. या सरासरीला म्हणतात उत्सर्जन गुणांक. आपल्याकडची पिकांची पैसेवारी आठवा: काही निवडक प्लॉटची कापणी होते आणि त्यावरून साऱ्या गावाचे पीक ठरते. पद्धत स्वभावतः वाईट नाही. नमुना कसा निवडला, यावर तिचे सत्य अवलंबून असते.

आणि नमुन्याचीच बाजू लंगडी होती. मोजमाप झाले ते ज्या कंपन्यांनी स्वेच्छेने दार उघडले त्यांच्याकडे. नमुनेही अनेक बाबतींत थोडे होते. त्या अभ्यासकांनी आपली अनिश्चितता लपवली नव्हती. ‘अधिक-उणे १०५’ हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. मात्र आकडे एका कागदावरून दुसऱ्यावर उतरताना अधिक-उणे गळून पडते, हा अनुभव जुन्या कागदपत्रांत वावरणाऱ्याला नवा नाही. १९९६ चे गुणांक पुढे जवळपास दोन दशके सरकारी सूचीत आणि कंपन्यांच्या हिशेबांत नांदत राहिले.

दरम्यान हिशेबाचे नियम घडत होते. २००१ मध्ये ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल आला आणि त्याने स्कोप १, २, ३ ही विभागणी रूढ केली: स्वतःच्या कामातून थेट निघालेले, विकत घेतलेल्या विजेतून आलेले, आणि बाकीच्या साखळीतले. तेलकंपनीच्या दृष्टीने हा तिसरा भाग सर्वांत मोठा, कारण विकलेले तेल ग्राहक जाळतो ते त्यात येते. त्याच सुमारास अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने उत्सर्जन कसे काढावे याचा जाडजूड संग्रह सिद्ध केला. पद्धती वाढल्या, कोष्टके वाढली. पायाशी मात्र बहुतांशी तोच गुणाकार होता.

आता गंमत पाहा. ईपीएने २०११ च्या सूचीत विहिरींच्या कामांचे गुणांक बदलले आणि २००८ या वर्षाचा वायू-उद्योगातील मिथेनचा आकडा दुपटीहून अधिक झाला. २०१३ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि २०१० चा आकडा सुमारे एक तृतीयांशाने खाली आला. ती वर्षे तर केव्हाच सरली होती; त्या काळात हवेत गेलेला वायू तेवढाच होता. बदलला तो कागद. इतिहासाचे पुनर्लेखन इतके शांतपणे आणि इतक्या कमी भांडणांत झालेले मी तरी अन्यत्र पाहिलेले नाही.

मग २३ ऑक्टोबर २०१५. लॉस एंजेलिसजवळच्या आलिसो कॅन्यन येथील भूमिगत वायुसाठ्याची एक विहीर फुटली. फेब्रुवारीत ती आटोक्यात येईपर्यंत सुमारे ९७,१०० टन मिथेन निसटला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. हा आकडा कोष्टकातून काढलेला नव्हता. शास्त्रज्ञांनी लहान विमान घेऊन त्या अदृश्य लोटातून वारंवार फेऱ्या मारल्या आणि हवेतला मिथेन प्रत्यक्ष मोजला. अशी विहीर कोणत्या सरासरीत बसवायची?

आलिसो अपवाद होती असे म्हणावे, तर २०१६ मध्ये सुमारे १५,००० मोजमापे एकत्र करणाऱ्या अभ्यासाने दाखवले, की सर्वांत मोठ्या ५ टक्के गळत्यांतूनच निम्म्याहून अधिक वायू जातो. गळती सगळीकडे थोडी थोडी वाटलेली नसते. बहुतेक झडपा जवळपास निर्दोष आणि मोजक्या काही उधळ्या. तपासणीला निघालेल्या पथकाला त्या मोजक्या गाठ पडल्या नाहीत, तर सरासरी खोटी ठरते आणि पथकाचा प्रामाणिकपणा तिला वाचवू शकत नाही.

२०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१५ या वर्षाचा नवा अंदाज आला. तो जमिनीवरच्या मोजमापांवर आधारलेला होता आणि विमानांतून घेतलेल्या नोंदींशी ताडून पाहिलेला होता. १.३ कोटी टन मिथेन, उत्पादनाच्या २.३ टक्के, ईपीएच्या सूचीपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. सूचीतून निघणारे प्रमाण होते पुन्हा सुमारे १.४ टक्केच! हा फरक किरकोळ वाटत असेल, तर आधीच्या २०१२ मधील एका अभ्यासाकडे पाहा. गळती ३.२ टक्क्यांच्या खाली असेल तरच कोळसा सोडून वायूकडे वळण्याचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे १९९० चा प्रश्न मिटलेला नव्हता. उत्तरातील सुरक्षित अंतर तेवढे आक्रसले होते.

मुंबईच्या माणसाला या कहाणीतील एक वस्तू ओळखीची वाटेल: तेलक्षेत्रावरची धगधगती ज्योत. मुंबई हायला १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलासोबत वायू येतोच. वाहून नेण्याची सोय अपुरी असेल तेव्हा तो जाळला जातो. अशा ज्योतीत ९८ टक्के मिथेन नष्ट होतो, हे जगभरच्या हिशेबांत रूढ गृहीतक आहे. अमेरिकेतील तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेली मोजणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष प्रमाण निघाले ९१.१ टक्के, कारण काही ज्योती नीट जळत नव्हत्या आणि काही तर विझलेल्याच होत्या. ९८ आणि ९१ जवळचे भासतात. पण निसटणारा मिथेन दोन टक्क्यांऐवजी नऊ टक्के, म्हणजे चौपटीहून अधिक झाला.

कागदाऐवजी मोजमाप मागणारी चौकटही आता आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पुढाकारातील ओजीएमपी २.० हा उपक्रम २०२० पासून नोंदींना पाच पायऱ्या लावतो. तळाशी ढोबळ अंदाज, सर्वांत वर प्रत्यक्ष मोजणीशी ताडलेला आकडा. उलट दिशाही दिसते. अमेरिकेत मोठ्या उत्सर्जकांना वार्षिक नोंद सक्तीची करणारी जी योजना आहे, तिच्यातील बहुतेक उद्योगांची सक्ती काढून टाकण्याचा प्रस्ताव सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द ईपीएनेच मांडला.

भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा अहवाल बंधनकारक केला. त्यात स्कोप १ आणि २ चे आकडे द्यावे लागतात. तेल-वायू कंपनीचा असा अहवाल उघडून उत्सर्जनाचे कोष्टक शोधा. मिथेन वेगळा दाखवण्यासाठी तेथे जागा आहे, आणि नमुन्यातच त्यापुढे अट छापलेली आहे: उपलब्ध असल्यास.