"सलाईन लावलं का?"

वाशी काय, पनवेल काय, आजारी माणसाला भेटायला गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: सलाईन लावलं का? बाटलीत ग्लुकोज असो की रिंगर लॅक्टेट, आपल्या तोंडी ते सलाईनच! आयसीयूतल्या सिस्टर मात्र विचारतात, एनएस की आरएल? सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळतो, काही तासांत लिटर-दोन लिटर द्रव शिरेतून जातो. तिथं हा प्रश्न किडनीवर येतो.

सुरुवात कॉलऱ्यापासून. 1831 साली विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरनं इंग्लंडात कॉलऱ्याच्या रोग्यांचं रक्त तपासलं. पाणी, मीठ, सोडा सगळंच कमी झालेलं. (हेच गृहस्थ पुढं कलकत्त्याला आले आणि कलकत्ता-आग्रा-मुंबई तारायंत्राची लाइन त्यांनीच उभी केली!) 1832 मध्ये लीथच्या थॉमस लट्टांनी एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत अर्ध्या तासात सहा पाइंट द्रव सोडला. बाई चक्क थट्टामस्करी करायला लागली. लट्टा निघून गेले, जुलाब-उलट्या परत सुरू झाल्या, पुन्हा द्रव कोणी दिला नाही. साडेपाच तासांत ती गेली.

आता गंमत बघा. लट्टांच्या द्रवात मिठाबरोबर सोडाही होता. आपलं 0.9 टक्क्यांचं 'नॉर्मल' सलाईन आलं ते हॅम्बुर्गर या डच शास्त्रज्ञाच्या, परीक्षानळीतल्या रक्तपेशींवरच्या प्रयोगांतून. त्यात क्लोराइड 154, आपल्या रक्तात साधारण 100. म्हणजे 'नॉर्मल' हे नावापुरतंच. भरपूर दिलं की रक्त आम्लाकडं झुकतं. रिंगरच्या द्रवात लॅक्टेट घातलं ते अमेरिकेतल्या हार्टमन यांनी, 1932 मध्ये.

मध्यंतरी स्टार्चच्या महागड्या बाटल्यांचं फार कौतुक झालं. 2012 च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत सेप्सिसचे 798 रोगी होते. नव्वद दिवसांत स्टार्चवाले 51 टक्के दगावले, रिंगर अॅसिटेटवाले 43 टक्के. तो विषय तिथंच संपायला हवा होता.

सलाईन विरुद्ध रिंगर हा वाद मात्र इतका सरळ नाही. 2018 च्या अमेरिकन चाचणीत रिंगरसारखे द्रव किडनीला थोडे बरे ठरले. 2022 च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत मृत्यूंत फरक दिसला नाही. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आरएलकडं कल आहे, पण सौम्य शब्दांत. माझंही मत तेच. मेंदूला मार असेल तर मात्र सलाईनच बरं.

आणि किती द्यायचं? 2011 मध्ये केनिया, युगांडा, टांझानियातल्या 3,141 तापानं फणफणलेल्या मुलांवर चाचणी झाली. ज्यांना भराभर द्रव दिला, त्यांच्यात 48 तासांत शंभरी दहाच्या वर मुलं गेली. ज्यांना तसा दिला नाही, त्यांच्यात सातच्या आसपास.