१७. मरीबा

हिब्रू शब्द, मूळ धातू 'रीव'. अर्थ तंटा, भांडण, आणि कोर्टातला दावाही. म्हणून मराठीत 'कज्जा' सर्वांत जवळचा. निर्गम 17 मध्ये रफीदीम येथे प्यायला पाणी नाही म्हणून लोक मोशेवर उखडतात आणि त्या जागेलाच हे नाव पडते. गणना 20 मध्ये कादेश येथे तोच प्रकार पुन्हा : खडकाशी बोल असे सांगितलेले असताना मोशे काठीने दोनदा मारतो आणि वचनदत्त देशाला मुकतो. लेखकाला हाच प्रसंग अभिप्रेत असावा, कारण सिंगापुरात वॉटर्लू स्ट्रीटवरच्या मगेन अबोथ सिनेगॉगमध्ये (1878) तो वाचला जाणारा शब्बाथ जून-जुलैत येतो आणि या पानावरची नोंद जुलैची आहे. उत्पत्ती 13:7–8 मध्ये गुराख्यांचे भांडण 'रीव', तर अब्राम लोटाला जे नको म्हणतो ते 'मरीबा'. फरक फारसा नाही. त्यावर प्रवचने मात्र पुष्कळ झाली. संदेष्ट्यांच्या तोंडी 'रीव' बहुधा फिर्यादच : मीखा 6 मध्ये देव वादी, इस्राएल प्रतिवादी आणि दावा ऐकायला डोंगर.