मामा तलाव आणि बांधीतली माती

गडचिरोलीच्या शेतीवर संशोधन करायचं असेल तर जुन्या दप्तरात ‘गडचिरोली जिल्हा’ शोधत बसू नका. हा जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्याआधीचं जुनं दप्तर बहुतेक ‘चांदा’ या नावाखाली आहे. माझा पहिला महिना यातच गेला. मेजर लुसी स्मिथ यांचा 1869 चा चांदा जमाबंदी अहवाल सुरुवातीला चांगला, फक्त तो महसूल गोळा करणाऱ्याच्या नजरेतून लिहिलाय हे विसरू नका.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, तिला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम हे वस्तीचं नाव आजही आहे. बांधण्याचं कसब मुख्यतः कोहळी समाजाचं. पुढे तलाव मालगुजारांकडे आले.

आता प्रश्न असा, की इथे पाऊस हजार मिलिमीटरच्या बराच वर पडतो, मग तलाव हवेत कशाला? कारण धानाला नुसता पाऊस पुरत नाही, तो वेळेवर लागतो. सिहार माती हलकी, रेताड. ऑगस्ट-सप्टेंबरात पंधरा दिवस उघडीप पडली की बांधी भेगाळते. चिखलणीमुळे वरच्या थराखाली घट्ट तळ तयार होतो आणि पाणी झिरपणं मंदावतं. पाणी उभं राहिलं की मातीतला ऑक्सिजन काही दिवसांत संपतो, लोह विद्राव्य रूपात जातं, त्याला चिकटलेला फॉस्फरस मोकळा होतो. धानाच्या मुळांना हवा मिळते ती खोडातल्या पोकळ ऊतींतून. म्हणजे तलाव नुसतं पाणी पुरवत नव्हता, मातीचं रसायनही टिकवत होता.

हे मला उशिरा कळलं. पहिल्या हंगामात मी बांधीतले नमुने उन्हात वाळवून प्रयोगशाळेत नेले. वाळताना लोहाचं पुन्हा ऑक्सिडीकरण झालं, आणि मी मोजलं ते शेतातलं नव्हतंच! अख्खा हंगाम वाया. तुम्ही नमुने ओलेच, हवाबंद न्या.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 मध्ये तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ झाले, त्याचंच ‘मामा’. मालगुजारीत वेठही होती, तेव्हा तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण पाळ दुरुस्त करायची, गाळ काढून बांधीत टाकायचा, ही कामं कुणाची, हे नव्या व्यवस्थेत धूसर झालं. पाण्यावर कर आला तेव्हा वाद झाले, कारण लोकांच्या लेखी तो निस्तार हक्क होता.

2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ पुन्हा शेतात जातोय. चांगलंच आहे. पण जेसीबीने किती खोल जायचं? तळाचा चिकण थर फोडला तर तलाव गळायला लागेल, आणि काठ सरसकट खरवडला तर तिथल्या पाणवनस्पती जातील, ज्यांच्यात मासे अंडी घालतात. या उन्हाळ्यात मी काठाचे आणि पाळीजवळचे नमुने वेगवेगळे घेतोय. ओलेच.